सातव्या प्रकरणात मी मरते

"वहिनी, राग मानू नका, पण सातव्या प्रकरणात मी तुम्हाला विहिरीत ढकलणार हाय."

आमच्या शेजारचे रघुदादा हे बोलले तेव्हा मी कुंपणावरून त्यांना घावनांचा डबा देत होते. एका हातानं डबा घेत, दुसऱ्या हातानं झाकण उघडून आत चटणी आहे की नाही ते बघत त्यांनी मला माझ्या मरणाची बातमी दिली. चटणी होती. समाधानानं मान हलवून ते म्हणाले, "पण हळूच ढकलीन."

"अहो पण सातव्यातच का?"

"सहाव्यात विहिरीला पाणी न्हाय."

"आणि आमच्या ह्यांचं काय?"

"त्यांचं आठव्यात दुसरं लगीन हाय."

आमचे हे इतका वेळ पंपाजवळ पाइप गुंडाळत होते. हाक मारली तर ऐकू न येणारा माणूस तिथून ओरडला, "कुणाशी?"

रघुदादा म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर. श्रीवर्धन, बोर्ली, म्हसळा या पट्ट्यात त्यांनी आयुष्यभर तिकिटं फाडली. निवृत्त झाले, पण खांद्यावरची पिशवी उतरली एवढंच. जिभेवरची घंटी उतरली नाही. देवळात रांगेत उभे राहिले तरी "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतात. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत भटजी मंत्र विसरून थांबले, तर मागून यांनी जीभ टाळ्याला लावून दोनदा 'टिंग टिंग' केलं. भटजी दचकून निघाले ते थेट आरतीला जाऊन थांबले.

कादंबरीचं खूळ त्यांच्या डोक्यात घातलं आमच्याच एका पाहुण्यानं. दिवेआगरात आमचं चार खोल्यांचं घरगुती हॉटेल आहे. उन्हाळ्यात पुण्याचे एक गृहस्थ उतरले होते. रघुदादांनी त्यांना घाटात बस बंद पडल्यावर एका नवरदेवाला ट्रकमधून कसं लग्नाला पोचवलं, ती गोष्ट सांगितली. पाहुणे हसून म्हणाले, "काय अनुभव आहेत हो तुमच्याकडे! तुम्ही कादंबरी लिहायला हवी." असं आपण कुणालाही म्हणतो. चांगला चहा पाजणाऱ्याला आपण टपरी टाकायला सांगतोच ना? पाहुणे दुसऱ्या दिवशी मोदक बांधून घेऊन निघून गेले. रघुदादा मात्र कामाला लागले.

"अनुभव हाय," ते मला म्हणाले, "फक्त स्फूर्ती पायजे. स्फूर्ती आली की डबल बेल."

स्फूर्ती समुद्रावर येते असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी आमच्या पडवीतली प्लास्टिकची खुर्ची उचलली, किनाऱ्यावर नेली आणि घोटाभर पाण्यात मांडून डोळे मिटून बसले. ओहोटीची वेळ होती. नंतर भरती लागली. लाटेगणिक खुर्चीचे पाय वाळूत रुतत गेले आणि रघुदादा डोळे न उघडता हळूहळू बुटके होत गेले. पर्यटकांना वाटलं, कुणी साधू आहेत, जलसमाधी घेतायत. माणसं जमली. एक नवं जोडपं पायांशी नारळ ठेवायला गेलं. पाय दिसत नव्हते म्हणून तो मांडीवर ठेवला. शेवटी पर्यटकांना बोटीतून फिरवणाऱ्या दोघांनी त्यांना काखेत हात घालून उपटलं. खुर्ची काही निघाली नाही.

"वहिनी, खुर्ची गेली," ते ठिबकत ठिबकत सांगायला आले. "पण नारळ हाय."

मग त्यांनी कुठंतरी ऐकलं की लेखक लोक बिनदुधाचा चहा पितात. रघुदादांचा चहा म्हणजे म्हशीच्या दुधाला पत्तीचा वास. त्यांनी एका दिवसात दूध सोडलं. पाच-सहा दिवस काळा चहा पीत, छातीवर हात धरून, तोंड वाकडं करून फिरले. मला वाटलं, आतून काहीतरी मोठं सुचतंय. डॉक्टर म्हणाले, पित्त आहे.

त्यानंतर निघाला दुःखाचा शोध. "मोठ्या लेखनाला दुःख लागतं. आपलं सगळं बरं चाललंय, तिथंच अडचण हाय," असं म्हणून ते दुसऱ्यांकडे दुःख मागायला लागले. जसं विरजण मागतात तसं. पहिल्यांदा गेले हमीदचाचांकडे. चाचा कुवेतला बरीच वर्षं नोकरी करून आले. आता रोज संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाकावर बसतात.

"चाचा, दुःख सांगा तुमचं," रघुदादा म्हणाले.

चाचांनी विचार केला. "कुठलं पायजे? शुगरचं हाय, गुडघ्याचं हाय, जावयाचं हाय."

"त्यातल्या त्यात खोल कुठलं?"

"जावयाचं."

मग चाचांनी सांगितलं. जावई येतो आणि कुवेतहून आणलेल्या सोफ्यावर आडवा होतो. उठत नाही. सोफा त्यांनी जहाजानं मागवला होता, त्यावर ते स्वतः अजून नीट बसलेले नाहीत. सांगता सांगता चाचांचा आवाज बसला. रघुदादांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. घरी येऊन मला म्हणाले, "दुःख अस्सल हाय, वहिनी. पण त्यात फार तर एक गोष्ट बसंल. कादंबरी करायची तर आणखी दोन जावई पायजेत."

पावसाळाभर ते गप्प होते. मला वाटलं, खूळ उतरलं. पण गणपती झाले आणि रघुदादा एकदम बदलले. आता ते शोधत नव्हते. वाटत सुटले होते. गावातल्या माणसांना कादंबरीतल्या भूमिका वाटत होते. वाटही नव्हते, जाहीर करत होते. हमीदचाचांना सांगितलं, तुम्ही जहाजाचे कप्तान. चाचा म्हणाले, "जहाज बुडवू नको बाबा." रघुदादा म्हणाले, "बुडणार. पण तुम्ही सोफ्यावर बसून पोहत येता."

चाचांना ते इतकं आवडलं की जावयाला फोन करून सांगितलं.

सरपंचांना त्यांनी सुरूच्या बनातलं भूत केलं. सरपंच आधी नाराज झाले. त्यांना नायक व्हायचं होतं. तसं त्यांनी दोघा-तिघांकरवी सुचवूनही बघितलं. मग स्वतः आले आणि म्हणाले, "भूत चालेल. पण बिनविरोध दाखवा."

"साहेब, भूत बिनविरोधच असतं," रघुदादा म्हणाले.

सगळ्यात अवघड गेलं ते जनाबाईचं. जनाबाई आमच्याकडे घरोघर मासळी घेऊन येते. तिचा आवाज आधी येतो, मग वास, मग जनाबाई. तिनं टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि रघुदादांच्या फाटकातच उभी राहिली. "रघ्या, माझ्या नवऱ्याला तू दारुडा लिवलास तर बोंबलाचं शेपूट न्हाय मिळायचं तुला."

"दारुडा कोण म्हणालं? दरोडेखोर केलाय."

जनाबाईनं क्षणभर हिशेब केला. "मंग चालंल," ती म्हणाली. "दरोडेखोर कमावता तरी असतो."

तेव्हापासून ती रस्त्यानं जाताना लोक "काय दरोडेखोरीण, पापलेट हाय का?" असं विचारायला लागले आणि तीही "हाय, लुटून आणलंय" म्हणून भाव चढवायला लागली.

सगळा गाव असा कादंबरीत शिरला. फक्त कादंबरी कुठं होती, ते कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलं की रघुदादा म्हणायचे, "गाडी डेपोत हाय." सरपंच प्रकाशनाला मांडव घालायला तयार होते. त्यांनी दोनदा तारीख विचारली. "बघू, बघू, पुढं सरका," म्हणून रघुदादांनी त्यांना पुढं सरकवलं. आमच्या ह्यांचं स्पष्ट मत होतं की एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. त्यांना आठव्या प्रकरणाची काळजी होती.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. रोज दुपारी, जेवणं उरकून गल्ली शांत झाली की रघुदादांच्या मागच्या पडवीतून त्यांचा आवाज यायचा. खणखणीत, घाटातल्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. मधेच हसणं. मधेच कुणीतरी "अगं बाई!" म्हणायचं. मला वाटायचं, लिहिलेलं मोठ्यानं वाचत असतील.

"अगं बाई" म्हणणारी ती आक्का.

आक्का रघुदादांची थोरली बहीण. लहान वयात नवरा गेला, माहेरी परत आली. थोड्याच दिवसांत आई गेली आणि रघुदादा तिच्या कडेवर आले. त्यांनी लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचे, "ड्युटीच्या वेळा जुळल्या न्हाईत." दोघांचा संसार. आक्का म्हणजे गावाचं फाटक. रस्त्यानं जाणारं कुत्रंसुद्धा 'कुठं निघालास?' या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय पुढं जायचं नाही. कुणाच्या बारशाला पाऊस होता, कुणाच्या लग्नात आमटी कमी पडली, सगळं तिला ठाऊक. वादळात त्यांच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, त्यानंतर ती फाटकात यायची कमी झाली. अलीकडे तर येतच नव्हती. "गुडघे," रघुदादा सांगायचे आणि डबा कुंपणावरूनच घ्यायचे. आता गुडघे म्हटल्यावर कोण काय विचारणार? आमच्याकडे पाहुण्यांची गर्दी, मी भाकऱ्या थापण्यात.

पौषात पाहुणे ओसरले. एका दुपारी मी गरम घावनं केली आणि म्हटलं, आज कुंपण नको, आक्काला स्वतः नेऊन द्यावीत. मागच्या दारानं पडवीत गेले. आक्का आरामखुर्चीत बसली होती, रघुदादा समोर जमिनीवर मांडी घालून. माझ्या पावलांचा आवाज झाला. आक्कानं वळून बघितलं आणि खुर्चीचे हात घट्ट धरून किंचाळली,

"अगं बाई! तू मेलीस ना?"

मी डब्यासकट जागीच उभी.

"विहिरीत पडलीस ना गं तू? बाहेर कशी आलीस?"

माझ्याकडे वळलेल्या आक्काच्या पाठीमागे रघुदादा उठून मला खुणा करत होते. दोन्ही हात जोडले, मग ओठांवर बोट, मग पुन्हा हात जोडले. त्यांचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. मला काही कळलं नाही, पण तोंडातून निघून गेलं, "पाणी कमी होतं, आक्का. गुडघाभरच."

आक्काचा जीव भांड्यात पडला. "तरी मी ह्यांना म्हटलं," ती रघुदादांकडे बोट करत म्हणाली, "हिला मारू नका, हिची घावनं जाळीदार होतात. बस गं. ओली आहेस का?"

मी तिच्या पायांशी बसले. माझं नाव तिनं घेतलं नाही. माझ्या बाळंतपणात जिनं मला डिंकाचे लाडू करून घातले त्या आक्काला माझं नाव येत नव्हतं. पण मी घावनं चांगली करते आणि विहिरीत पडले, एवढं पक्कं ठाऊक होतं. रघुदादा पाणी आणायला आत गेले, तशी ती माझ्या कानाशी वाकली.

"हे गृहस्थ कोण गं?"

"कोण?"

"हेच. रोज येतात. फार छान गोष्टी सांगतात हो. भले आहेत. ह्यांचं घर कुठंशी असेल?"

रघुदादा तांब्या घेऊन दारात उभे होते. त्यांनी ऐकलं असणार. ते पुढं आले, तिला पाणी दिलं आणि म्हणाले, "घ्या आक्का. सावकाश प्या."

ती प्यायली आणि म्हणाली, "आभारी आहे हो."

तिचा डोळा लागला तसे आम्ही बाहेर विहिरीशी आलो. मी काही विचारायच्या आतच ते बोलायला लागले. खाली बघत, हळू आवाजात; त्यांना हळू आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"जनाबाई पावसाळ्यात दारात आली, तर आक्कानं तिला झाडू घेऊन हाकलली. वळखलीच न्हाय. आक्काच थरथर कापत होती भीतीनं. मी नाव सांगितलं, खूण सांगितली. हा म्हणाली आणि विसरली. मंग मी चिडून म्हटलं, अगं ही दरोडेखोराची बायको हाय, हिला हाकललीस तर तो येऊन माड तोडून नेईल! तर हसली, वहिनी. किती दिवसांनी हसली. आणि दुसऱ्या दिवशी जनाबाई आली, तर हिनं स्वतः पाट दिला बसायला."

"मग?"

"मंग काय. साधी माणसं तिच्या डोक्यात ऱ्हात न्हाईत. कुणी बुडालं, कुणी भूत झालं, की ऱ्हातात. म्हणून एकेकाला घेत गेलो गाडीत." ते जरा हसले. "पण ती तोंडावर बोलणार. जनाबाईला दरोडेखोरीण म्हणणार, सरपंचाला भूत म्हणणार. माणसं दुखावतील, न्हाय तर तिला हसतील. म्हणून आधीच सगळीकडं सांगून ठेवलं, कादंबरी हाय म्हणून. आता ती काही बोलली, तर लोक मलाच हसतील."

"जनाबाईला ठाऊक आहे?"

"तिला मी काय बोललो न्हाय. पण ती हल्ली येताना कमरेला विळा खोचून येते. दरोडेखोराची बायको शोभायला नको?"

मला हसू आलं आणि पदर डोळ्यांना लावावा लागला, दोन्ही एकदमच. मग मी म्हटलं, "दादा, सगळा गाव घेतलात. तुम्ही कुठं आहात?"

"मी सांगणारा."

"म्हणून तर ती तुम्हाला ओळखत नाही!"

ते विहिरीच्या कठड्याला टेकले. मग म्हणाले, "गाडीत गर्दी झाली, की कंडक्टर आपली सीट कुणाला तरी देतो, वहिनी. सवय असते उभं ऱ्हायची."

"सवय गेली खड्ड्यात," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "मला विहिरीत ढकलताना विचारलंत का? ह्यांचं दुसरं लग्न लावताना विचारलंत? मग आता मी सांगते. बसा. उद्याच्या उद्या बसा गोष्टीत."

"काय म्हणून बसू? मला कुठं काय झालंय कधी? ना बुडालो, ना भूत झालो. तिकिटं फाडली."

"बघा शोधून. लेखक तुम्ही आहात."

पुढचे काही दिवस त्यांनी मला टाळलं. कुंपणाशी आले नाहीत, "पुढं सरका" ऐकू आलं नाही. हमीदचाचा काळजीनं विचारून गेले, "रघू बीमार हाय काय? जहाज मधेच उभं हाय माझं." आमचे हे म्हणाले, "नववं प्रकरण अवघड जात असेल." मग एका दुपारी मीच त्यांना आमच्याकडे जेवायला बोलावलं. सुरमईचं कालवण होतं. रघुदादा मान खाली घालून भात कालवत होते, दोनदा वाढून घेतला, आणि हात धुताना म्हणाले, "वहिनी, जरा येता काय? एकट्यानं जमंल असं वाटत न्हाय."

मी आक्कासाठी घावनं घेऊन मागोमाग गेले. आक्कानं मला बघून विचारलं, "आज कोरडी आहेस ना?" मी म्हटलं, "हो." रघुदादा तिच्या समोर मांडी घालून बसले. नेहमीचा खणखणीत आवाज आज लागेना.

"एक पोरगा होता," ते म्हणाले. "लहान. आई नव्हती त्याला. थोरली बहीण होती."

"बरं," आक्का म्हणाली.

"एकदा बहीण त्याला म्हसळ्याच्या बाजाराला घेऊन गेली. सुकी मासळी घ्यायला. तिनं हात सोडला, वजन बघायला, तेवढ्यात पोरगा गायब."

"अगं बाई!"

"तिनं सगळा बाजार पालथा घातला. अनवाणी. चपला कुठं गेल्या, तिला कळलं न्हाय. ज्याला त्याला विचारत फिरली, माझा भाऊ बघितला काय, माझा भाऊ बघितला काय. संध्याकाळ झाली. दुकानं मिटली. लोक म्हणाले, बाई, आता घरी जा. ती म्हणाली, मी भावाशिवाय न्हाय जायची."

आक्का खुर्चीत पुढं सरकली होती. तिचे हात एकमेकांत अडकले होते. मला वाटलं, दादांनी आता थांबावं, म्हातारीला सोसणार नाही.

"मग?" ती म्हणाली. "सापडला का पोर?"

"सापडला."

"कुठं होता?"

"एसटीत. स्टँडवर गाडी उभी होती, त्यात चढला आणि मागच्या सीटखाली झोपून गेला. कंडक्टरनं झाडताना बघितला."

आक्कानं मोठा श्वास सोडला. डोळे मिटून घेतले. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग तिनं डोळे उघडले, रघुदादांकडे नीट, निरखून बघितलं आणि विचारलं,

"सकाळपासून जेवला नसेल ना?"

रघुदादांनी मान हलवली, न्हाय म्हणून.

आक्कानं माझ्या हातातला डबा ओढून घेतला, झाकण काढलं, घावनाची घडी घातली आणि त्यांच्यापुढं धरली.

"घे," ती म्हणाली. "आधी खा. आणि सावकाश खा रे, ठसका लागेल."

तासाभरापूर्वी आमच्याकडे पोटभर जेवलेल्या रघुदादांनी ते घावन घेतलं आणि खाली मान घालून, एक एक घास मोडत, सगळं खाल्लं.